साल कसे होते आणि बाटली केव्हा उघडावी : थॉमस जेफर्सनची वाइनची पारख

पावसाआधी हुर्राक संपवावी आणि फेणी घरात मुरू द्यावी, हे गोव्यात कोणाला शिकवावे लागत नाही. झाड तेच, बोंडू तेच. पण पहिल्या भट्टीची हुर्राक ताजेपणीच चांगली, आणि तीच पुन्हा भट्टीवर चढवून काढलेली फेणी वर्षे गेली तरी टिकते. चीज चांगली आहे का हा एक प्रश्न आणि ती आता घ्यायच्या बेताची झाली आहे का हा दुसरा, हे आपण काजूच्या हंगामात न बोलता पाळतो. द्राक्षाच्या वाइनला हे दोन्ही प्रश्न दर वर्षी नव्याने विचारावे लागतात. वसंतात हिमकण पडले, फुलोऱ्यात पाऊस लागला, गारपीट झाली किंवा तोडणीच्या आठवड्यात ढग फुटले, की त्याच मळ्याची त्या सालची वाइन पातळ आणि आंबट निघते. उन्हाळा कोरडा आणि लांब गेला की फळ नीट पिकते, सालीत रंग आणि तुरटपणा भरतो, आणि त्या सालचे नाव लोक वर्षानुवर्षे काढत राहतात. गंमत अशी की हीच दमदार साले तरुणपणी तोंडात धरवत नाहीत. तुरटपणा मवायला वेळ लागतो. हलक्या सालची वाइन मात्र लवकर प्यायच्या बेताची होते आणि लवकर उतरतेही.

हे दोन हिशेब वेगवेगळे मांडणारा आणि ते वहीत लिहून ठेवणारा एक माणूस अठराव्या शतकात होऊन गेला. तो वाइनचा व्यापारी नव्हता, मळेवालाही नव्हता. शाळेच्या पुस्तकात आपल्याला तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि त्या देशाचा तिसरा अध्यक्ष म्हणून भेटतो. या पानावर आम्ही थॉमस जेफर्सनचे चरित्र सांगणार आहोत ते त्याच्या तळघराच्या बाजूने. राजकारण जेवढ्यास तेवढेच.

जेफर्सनचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियात झाला. वडील जमीनदार आणि भूमापक. ते गेले तेव्हा थॉमस चौदा वर्षांचा होता. विल्यम्सबर्गच्या कॉलेजात शिकत असताना तिथल्या इंग्रज गव्हर्नराच्या मेजवान्यांना त्याला बोलावणे असे, आणि चांगल्या टेबलाची पहिली ओळख त्याला तिथे झाली. त्या काळच्या व्हर्जिनियात वाइन म्हणजे मुख्यतः मदेरा. अटलांटिकातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटाची ही वाइन आपल्या गोव्यालाही परकी नाही. भारताकडे येणाऱ्या जहाजांवर तिची पिंपे चढत, विषुववृत्ताचे ऊन खात, आणि जी पिंपे फिरून परत जात त्यांतली वाइन बिघडण्याऐवजी सुधारलेली निघे. अशा फिरून आलेल्या वाइनला पोर्तुगीज भाषेत वेगळे नाव होते आणि भावही जास्त होता. उष्णतेत शिजून निघालेली ही वाइन जवळजवळ अमर असते. त्यामुळे मदेरा पिणाऱ्याला बाटली केव्हा उघडावी याची फारशी चिंता करावी लागत नाही. जेफर्सनची जीभ अशा वाइनवर वाढली होती, म्हणून फ्रान्समध्ये जे शिकायचे ते त्याला मुळापासून शिकावे लागले.

१ जानेवारी १७७२ रोजी त्याने मार्था वेल्स स्केल्टन या तरुण विधवेशी लग्न केले. पुढच्याच वर्षी सासरा वारला आणि जेफर्सनच्या पदरी जमीन, गुलाम आणि कर्ज असे तिन्ही एकदम आले. या तिन्हींतून तो पुढे कधीच सुटला नाही. त्याच सुमारास फिलिप माझ्झेई नावाचा एक तोस्काना प्रांतातला इटालियन गृहस्थ द्राक्षे लावायच्या इराद्याने व्हर्जिनियात आला आणि जेफर्सनने त्याला आपल्या मॉन्टिचेलोच्या डोंगराला लागून जमीन मिळवून दिली. १७७४च्या मे महिन्यात कडाक्याची थंडी पडली आणि वेलींचे कोंब जळाले. मग स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. माझ्झेई युरोपला गेला, त्याचे घर युद्धात कैद झालेल्या एका जर्मन सेनापतीला भाड्याने दिले गेले, आणि उरलेल्या वेली त्या सेनापतीच्या घोड्यांनी तुडवल्या.

जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला तेव्हा जेफर्सन तेहतीस वर्षांचा होता. पुढे व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला. १७८२ मध्ये पत्नी गेली. तो खचला, आणि १७८४ मध्ये सरकारी कामावर पॅरिसला जायची संधी आली तेव्हा मोठ्या मुलीला घेऊन निघाला. बरोबर जेम्स हेमिंग्ज हा एकोणीस वर्षांचा गुलाम तरुण होता. त्याला फ्रेंच स्वयंपाक शिकवून आणायचा हा बेत आधीच ठरलेला होता. पुढल्या वर्षी बेंजामिन फ्रँकलिनच्या जागी जेफर्सन अमेरिकेचा फ्रान्समधला वकील झाला.

सप्टेंबर १७८६ मध्ये पडून त्याचे उजवे मनगट निखळले आणि ते नीट बसलेच नाही. डॉक्टरांनी दक्षिणेतल्या एक्स गावच्या औषधी झऱ्यांचे पाणी सुचवले. २८ फेब्रुवारी १७८७ रोजी तो पॅरिसहून निघाला आणि परतला तो १० जूनला. मनगटाला त्या पाण्याचा काही उपयोग झाला नाही. मात्र वाटेवर बर्गंडी होती आणि परतीला बोर्दो.

हा प्रवास त्याने थाटामाटाने केला नाही. पॅरिसहून नोकर न घेता निघाला, वाटेत लागेल तसा माणूस ठेवला. दक्षिणेत एका टप्प्यावर गाडीची चाके काढून गाडीच कालव्यातल्या नावेवर चढवली आणि नऊ दिवस पाण्यावरून प्रवास केला. ज्या गावी जाई तिथे माती हातात घेऊन पाही, मजुरी विचारी, वेलींमधले अंतर लिहून घेई. लाफायेत या आपल्या फ्रेंच मित्राला त्याने याच प्रवासातून कळवले होते की देश पाहायचा तर ओळख लपवून हिंडावे, लोकांच्या चुलीवरच्या भांड्यात डोकावावे, त्यांची भाकरी खावी, त्यांच्या बिछान्यावर विसाव्याच्या निमित्ताने बसून तो मऊ आहे की टणक ते बघावे.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तो बर्गंडीच्या उतारांवर पोचला. तिथल्या नोंदी वाचताना आम्हाला हा माणूस सगळ्यांत जास्त आवडला. त्याने लिहून ठेवले आहे की तांबड्या वाइनींत शांबेर्तां, व्हुजो आणि व्होन या गावांची वाइन सगळ्यांत दमदार. ती दूर नेता येते आणि ठेवता येते, म्हणून जागेवरच बाटलीला अठ्ठेचाळीस सू पडतात. व्होल्ने गावची वाइन चवीला त्यांच्या बरोबरीची, पण अंगाने हलकी. ती टिकत नाही, म्हणून बाटली बारा सूंना मिळते. आणि मग त्याने जो निष्कर्ष काढला तो त्या काळच्या कोणत्याही दलालाने गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगितला नसता. व्होल्ने लवकर तयार होते. ज्याला वर्षाच्या आतबाहेर पिंप उघडायचे आहे त्याच्यासाठी व्होल्नेच अधिक चांगली. चौपट भाव हा चवीचा नव्हता, टिकाऊपणाचा होता. ज्याला ठेवायचेच नाही त्याने तो का द्यावा?

पांढऱ्या वाइनींतही त्याला हेच दिसले. मोंराशे अठ्ठेचाळीस सू, आणि शेजारच्या मर्सो गावची सर्वांत चांगली गूत दॉर ही वाइन अवघी सहा सू. जेफर्सनने बोन गावच्या एत्येन पारां या पिंपे बनवणाऱ्या कारागिराला आपला खरेदीदार नेमले. तज्ज्ञ म्हणून पिंपवाला निवडणे आम्हाला फार शहाणपणाचे वाटते. कोणाच्या तळघरात कोणत्या सालचे काय पडले आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मोंराशेचे एक पिंप जेफर्सनने हौसेने घेतले, पण रोजच्या टेबलासाठी पारांकडून मागवत राहिला ती व्होल्ने आणि मर्सो.

मर्सोची गोष्ट इथे संपत नाही. पोमार आणि व्होल्ने या गावांत मजूर गव्हाचा पाव खाताना दिसले, आणि त्यांना लागूनच असलेल्या मर्सोत राय नावाच्या हलक्या धान्याचा. माती तीच, मेहनत तीच, मग फरक कशाने? त्याने विचारले. लोकांनी सांगितले की पांढऱ्या वाइनचे साल तांबड्यापेक्षा कितीतरी वेळा जास्त बिघडते, माल अंगावर पडून राहतो, त्यामुळे मळेवाल्याला मजुरांना चांगले खाऊ घालणे परवडत नाही. मर्सोची जमीन इतकी खडकाळ की तिथे तांबडी द्राक्षे लावायची सोय नाही. माणसाचे बरेवाईट किती क्षुल्लक गोष्टींवर अवलंबून असते, याचे त्याला आश्चर्य वाटले. सालाची पारख म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पेला हातात धरलेला रसिक येतो. जेफर्सनच्या वहीत ती मजुराच्या ताटातल्या पावापाशी येऊन थांबते.

याच माणसाच्या मॉन्टिचेलोवर गुलामांना आठवड्याचा शिधा मापून मिळे : मक्याचे पीठ, थोडे मांस, खारवलेले मासे. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्याच्या मालकीची होती. बर्गंडीतल्या मजुराचा पाव ज्या बारकाईने त्याने न्याहाळला, त्या बारकाईने घरचा शिधा न्याहाळून तो अस्वस्थ झाल्याचे दिसत नाही. ही विसंगती त्याच्या चरित्रकारांना आजवर सोडवता आलेली नाही, आणि आम्हीही ती इथे सोडवायला बसत नाही. पण ती बाजूला ठेवून त्याच्या रसिकतेचे नुसते कौतुक करणे आम्हाला जमणारे नाही.

२४ मे १७८७ ला जेफर्सन बोर्दोला पोचला आणि पाचच दिवस राहिला. ओ-ब्रियाँचा मळा त्याने स्वतः पाहिला आणि तिथली जमीन म्हणजे वाळू, जवळजवळ तितकीच गोल खडी आणि अगदी थोडी माती अशी असल्याचे लिहिले. तांबड्या वाइनचे पहिल्या प्रतीचे चार मळे त्याने नोंदवले : मार्गो, लातूर (मराठवाड्याच्या लातूरशी याचा काही संबंध नाही), ओ-ब्रियाँ आणि लाफीत. त्याखाली दुसरी प्रत, मग तिसरी. ही उतरंड त्याने शोधून काढली असे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नाही. बोर्दोच्या दलालांमध्ये ती रुळलेलीच होती. त्याने ती विचारून, ताडून, नीट लिहून घेतली. अडुसष्ट वर्षांनी, १८५५ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या मळ्यांची अधिकृत प्रतवारी झाली तेव्हा तांबड्यांच्या पहिल्या प्रतीत हेच चार मळे आले. जेफर्सनच्या तिसऱ्या यादीतल्या मूतोंला पहिल्या प्रतीत बसायला १९७३ उजाडावे लागले.

मळ्यांच्या यादीपेक्षा तिच्या शेजारी लिहिलेले सालांचे भाव आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. हजार बाटल्यांच्या मापाला १७८३ सालची वाइन २००० लिव्र, १७८४ची २४००, १७८५ची १८०० आणि १७८६चीही १८००. वीस सूंचा एक लिव्र. म्हणजे १७८४ची बाटली अठ्ठेचाळीस सूंना पडत होती आणि तिच्या पुढच्या सालची छत्तीसला. १७८४चा भाव चढा होता तो साल सरस होते म्हणून, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. मात्र १७८३ची वाइन १७८५पेक्षा महाग का, याचे कारण आमच्या मते वेगळे असावे, आणि त्याचा धागा त्याच्याच पुढच्या नोंदीत मिळतो. मार्गो, लातूर आणि ओ-ब्रियाँ चार वर्षांची झाल्याशिवाय पूर्णत्वाला येत नाहीत, आणि लाफीत थोडी हलकी असल्याने तीन वर्षांत तयार होते, म्हणजे १७८६चे पीक १७८९च्या वसंतात. या हिशेबाने १७८७ मध्ये १७८३ची बाटली उघडण्याजोगी झाली होती. नव्या मालाला वाट पाहायची होती. विकत घेणारा चवीचे पैसे देतो तसे वाचलेल्या वर्षांचेही देतो. मुरलेल्या लोणच्याची बरणी आणि कालच घातलेल्या लोणच्याची बरणी एका भावात कोण विकेल?

तीन-चार वर्षे हा काळ आजच्या वाचकाला फार थोडा वाटेल. आज याच मळ्यांच्या चांगल्या सालच्या बाटल्या दहा-वीस वर्षे सहज झाकून ठेवतात. अठराव्या शतकातली वाइन आजच्यापेक्षा हलकी असे. आकडे बदलले, पण मळा, साल आणि वय अशा तीन रकान्यांत वाइन मांडायची त्याची पद्धत आजही बदललेली नाही. आजचे जाणकार सालांचे जे तक्ते छापतात त्यांत एका बाजूला गुण असतात आणि दुसऱ्या बाजूला आताच प्यावी, ठेवावी की तिचा काळ सरला, याची खूण.

बोर्दोतूनच त्याने आपला साडू फ्रान्सिस एप्स याला व्हर्जिनियाला ओ-ब्रियाँच्या सहा डझन बाटल्या धाडल्या. साल अर्थात १७८४. १७७९ नंतरचे हे एकमेव खरोखर उत्तम साल आहे, असे त्याने साडूला कळवले. पॅरिसला परतल्यावर मळ्यांच्या मालकांनाच पत्रे लिहायला सुरुवात केली. सोतेर्नच्या इकेम मळ्याकडे १७८४च्या अडीचशे बाटल्या मागितल्या. मधला व्यापारी टाळण्यामागे त्याचे कारण साधे होते. चांगल्या सालच्या नावावर व्यापारी दुसऱ्या सालची भेसळ करतो, आणि वाइन पिंपातून पाठवली तर गाडीवान आणि नावाडी वाटेत पिंप हलके करून पाण्याने भरतात. म्हणून बाटल्या मळ्यावरच भरायच्या, मळ्यावरच बूच ठोकायचे.

१७८८च्या वसंतात तो हॉलंड आणि र्‍हाइनच्या खोऱ्यातून फिरला. जोहानिसबर्गची वाइन र्‍हाइनकाठची अव्वल ठरवून तिचे १७७५चे साल सर्वोत्तम असे त्याने लिहिले. होखहाइम आणि रूडेसहाइमच्या वेलींच्या काड्या आणून पॅरिसच्या घरामागच्या बागेत लावल्या. परतीच्या वाटेवर शॅम्पेन प्रांत होता. तिथे फेसाळणारी आणि न फेसाळणारी अशा दोन्ही वाइनी होत. पहिली मार्चमध्ये बाटलीत भरत, दुसरी सप्टेंबरात. परदेशात फेसाळणारीला मागणी होती, फ्रान्समधले जाणकार मात्र न फेसाळणारी पसंत करत. जेफर्सनने जाणकारांची बाजू घेतली.

१७८९च्या शरदात तो रजेवर मायदेशी निघाला तो पुन्हा फ्रान्सला गेलाच नाही. जेम्स हेमिंग्ज बरोबर परतला. फ्रान्सच्या कायद्याने त्याला तिथे स्वातंत्र्य मागता आले असते. व्हर्जिनियात मात्र त्याला आपली सुटका कमवावी लागली. जागा घेणाऱ्या माणसाला फ्रेंच स्वयंपाक शिकवला की मुक्त करू, असा करार जेफर्सनने लिहून दिला. जेम्सने आपल्या भावाला, पीटरला, शिकवले आणि १७९६ मध्ये तो मोकळा झाला. पीटर गुलामच राहिला आणि पुढे मॉन्टिचेलोवर बिअर गाळण्यातही तरबेज झाला.

जेफर्सन परराष्ट्रमंत्री झाला, मग उपाध्यक्ष, आणि १८०१ ते १८०९ अध्यक्ष. मंत्री असतानाच त्याने अध्यक्ष वॉशिंग्टनसाठी वाइन निवडायचे काम अंगावर घेतले होते. बोर्दोहून येणाऱ्या खोक्यांवर दोघांची आद्याक्षरे घालायची सूचना तो देई, म्हणजे बंदरात गफलत नको. स्वतः अध्यक्ष झाल्यावर आठ वर्षांत त्याने वाइनवर दहा हजारांहून अधिक डॉलर खर्च केले. पगार वर्षाला पंचवीस हजार, आणि त्यातूनच मेजवान्यांचा खर्च भागवायचा. किती पाहुणे आले आणि शॅम्पेनच्या किती बाटल्या लागल्या याचा हिशेब मांडून, साधारण तीन माणसांमागे एक बाटली हे प्रमाण त्याने काढले. १८१७ मध्ये जेम्स मन्रो अध्यक्ष झाला तेव्हा अभिनंदनाला जेफर्सनने पत्र लिहिले. अभिनंदन दोन ओळींत उरकून बाकीचे पत्र अध्यक्षाच्या तळघरात कोणत्या वाइनी असाव्यात, कुठून आणि कोणामार्फत मागवाव्यात, याला दिले.

मॉन्टिचेलोच्या जेवणघरात शेकोटीच्या दोन्ही बाजूंना लाकडात लपवलेले छोटे पाळणे आहेत. खाली तळघरात बाटली ठेवायची आणि दोरीने वर ओढायची. पाहुण्यांना बाटली भिंतीतून उगवल्यासारखी वाटे. खाली बाटली ठेवणारा माणूस मात्र कोणाला दिसत नसे.

स्वतःच्या मळ्याची हौस त्याने सोडली नाही. १८०७ मध्ये चोवीस जातींच्या २८७ वेली मॉन्टिचेलोच्या उतारावर लावल्या, बहुतेक युरोपीय. त्या जगल्या नाहीत. थंडी होती, बुरशी होती, आणि त्या काळी कोणालाच ठाऊक नसलेला एक बारीक किडा होता, फायलोक्सेरा. तो अमेरिकेच्या मातीतला. स्थानिक जंगली वेलींना त्याची सवय होती, युरोपीय वेलींची मुळे तो खाऊन टाकी. सगळ्या फ्रान्सच्या सालांची नोंद ठेवणाऱ्या या माणसाच्या मळ्यातून मॉन्टिचेलोचे असे एकही साल बाटलीत उतरल्याची नोंद नाही.

म्हातारपणी त्याच्या वाइनी बदलल्या. बोर्दोच्या नामांकित बाटल्या मागे पडल्या आणि दक्षिण फ्रान्समधल्या लेदनोन, लिमू, नीसच्या बेले अशा स्वस्त, लवकर प्यायच्या वाइनी मार्सेलच्या बंदरातून येऊ लागल्या. आवड बदलली की खिसा, हे सांगणे कठीण. बहुधा दोन्ही. याच वर्षांत त्याने वाइनवरची जकात कमी व्हावी म्हणून जोर धरला. वाइन स्वस्त असली की लोक व्हिस्कीच्या नादी लागत नाहीत, असे त्याचे म्हणणे. आम्हाला हे पटत नाही. दारू स्वस्त झाली म्हणून पिणे कमी झाल्याचे आपल्या किनाऱ्यावर तरी कोणी पाहिलेले नाही.

कर्ज वाढतच गेले. १८१५ मध्ये त्याने आपली साडेसहा हजारांच्या आसपास पुस्तके काँग्रेसच्या ग्रंथालयाला विकली. एका मित्राच्या वीस हजार डॉलरच्या कर्जाला तो जामीन राहिला होता, तेही बुडाले. बाटलीगणिक हिशेब मांडणाऱ्या या माणसाने आपल्या एकूण देण्याची बेरीज कधी डोळे उघडून पाहिली होती का, अशी शंका येते. जाहीरनाम्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, तो वारला. देणे लाखाहून अधिक डॉलर होते. मृत्युपत्राने त्याने पाच जणांना मुक्त केले. त्यांत घराच्या किल्ल्या सांभाळणारा बर्वेल कोल्बर्ट होता. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोवर लिलाव पुकारला गेला. त्याच्या जाहिरातीत फर्निचर आणि जनावरांबरोबर एकशे तीस माणसे होती.

त्याच्या नावाची बाटली यानंतर एकदाच जगभर गाजली. ५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या लिलावात १७८७ सालच्या लाफीतची, जेफर्सनची आद्याक्षरे कोरलेली एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. एका जर्मन संग्राहकाने ती पॅरिसमधल्या एका जुन्या तळघरात सापडल्याचे सांगितले होते. मॉन्टिचेलोच्या अभ्यासकांनी जेफर्सनची पत्रे आणि हिशेब चाळले. इतक्या बारीक नोंदी ठेवणाऱ्याच्या वह्यांत त्या बाटलीचा मागमूस नव्हता. पुढे अशाच चार बाटल्या घेतलेल्या एका अमेरिकी खरेदीदाराने तपास करवला, तेव्हा ती अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली असल्याचा निष्कर्ष निघाला. विक्रमी भावाची ती पहिली बाटली तोपर्यंत काचेच्या कपाटात उभी होती. वरच्या दिव्याच्या उष्णतेने तिचे बूच सुकले आणि आत घसरून पडले.

मॉन्टिचेलोच्या उतारावरचा मळा आता पुन्हा लावला आहे. युरोपीय वेली त्यात या वेळी टिकल्या आहेत, कारण त्या अमेरिकी मुळांवर कलम केलेल्या आहेत. त्या द्राक्षांची वाइन होते, आणि बाटलीवर साल लिहिलेले असते.